मागे राहणारा ठिपका

३ फेब्रुवारी

ठिपका आज पुन्हा मागे राहिला. तिने 'ख'कडे पाहिलं; तांबडा ठिपका 'क'वरच रेंगाळला, आणि सेकंद भरला म्हणून यंत्राने 'क' उमटवला. तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. पुन्हा 'क'. पाच मिनिटांत तीन अक्षरं — त्यांतली दोन चुकीची.

वस्तुस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. पत्नीच्या आजाराला अडीच वर्षं झाली. आधी हात गेले, मग पाय, गेल्या वर्षी वाचा. आता डोळे तेवढे तिचे राहिले आहेत. पडद्यावर अक्षरांचे चौकोन असतात, पडद्याच्या माथ्यावर कॅमेरा. ती ज्या चौकोनाकडे पाहील तिथे ठिपका जातो, आणि सेकंदभर तिथे टिकला की अक्षर उमटतं. हा प्रोग्रॅम तिच्या भाचीने लिहिला. संगणकही तिनेच जोडून पाठवला. गेले चार महिने त्याने चोख काम केलं. गेल्या आठवड्यापासून ठिपका रेंगाळतो.

डॉक्टर सकाळी येऊन गेले. म्हणाले, श्वासाचे स्नायू थकत आलेत. महिन्याभरात केव्हाही गळ्यातून नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवायची वेळ येईल. एकदा घातली की काढणं सोपं नसतं. "हवी की नको, ते त्यांच्याकडून आधीच कळू दे. डोळ्यांनी हो-नाही केलं तरी चालेल मला."

"मला चालणार नाही," मी म्हणालो.

हो किंवा नाही हे नेहमी दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि प्रश्न विचारणारा उत्तराला आकार देतो. चाळीस वर्षं न्यायालयात मी सूचक प्रश्नांना हरकत घेतली. स्वतःच्या घरात तसा प्रश्न विचारणार नाही. ती जे सांगेल ते तिच्या शब्दांत, तिच्या क्रमाने, मध्ये कोणाचा हात न लागता. त्यासाठी हे यंत्र निर्दोष पाहिजे.

तर्कशास्त्राच्या क्रमाने मांडतो. प्रतिज्ञा: दोष यंत्रात आहे. हेतू: ठिपका डोळ्यांच्या मागे राहतो. उदाहरण: ती कधीही कोणाच्या मागे राहिलेली नाही. ती न्यायालयात लघुलेखिका होती. माझं वाक्य संपायच्या आत तिचं लिहून झालेलं असे, आणि पेन्सिल टेकवून ती माझ्या क्रियापदाची वाट पाहत बसे. अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. तेव्हा निगमन, म्हणजे निष्कर्ष, उघड आहे.

४ फेब्रुवारी

भाचीशी फोनवर पाऊण तास.

"आतोबा, नवीन मशीन करून देते, पण सुटे भाग यायलाच पाच आठवडे लागतील."

"पाच आठवडे आपल्याकडे नाहीत."

मग ती म्हणाली की आहे त्याच प्रोसेसरचा वेग वाढवता येईल. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. कारखान्यातून येताना प्रोसेसरचा गुणक ३५ ठेवलेला असतो — म्हणजे साडेतीन गिगाहर्ट्झ. तो एकेकाने चढवत न्यायचा. वेग वाढला की उष्णता वाढते. आणखी वाढवला की व्होल्टेज कमी पडतं आणि यंत्र गणितात चुकू लागतं. व्होल्टेज वाढवलं की उष्णता पुन्हा वाढते. म्हणून मर्यादा आखून घ्यायच्या: ऐंशी अंशांच्या वर नाही, १.३ व्होल्टच्या वर नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक पायरीनंतर ताण-चाचणी — यंत्राला तासन्‌तास अवघड गणितं घालायची. चुकलं, किंवा बंद पडलं, तर एक पायरी खाली.

एका वेळी एकच. हे मला कोणी शिकवायला नको.

"पण त्याआधी एक करा, आतोबा. तुम्ही स्वतः पडद्यासमोर बसा. ठिपका तुमच्याही मागे रेंगाळतो का बघा."

मी नाकारलं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूनंतरची कृत्रिम भिंगं, वर जाड चष्मा. आणि प्रोग्रॅमची जुळणी तिच्या डोळ्यांशी केलेली. माझ्या डोळ्यांची साक्ष या प्रकरणात अग्राह्य.

"साक्ष कसली हो, दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांची साक्षही साक्षच असते.

५ फेब्रुवारी

दुकानातला माणूस मोठा पंखा आणि उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा घेऊन आला. जुना पंखा काढला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसली, नवी वाटाण्याएवढी टाकली, वर ठोकळा बसवून चार स्क्रू आडवे-तिडवे थोडे-थोडे आवळले. एकच बाजू आधी आवळली तर पेस्ट एकीकडे सरकते, म्हणाला. हाताला शिस्त होती. मला आवडला.

संगणक दिवसभर उघडाच. तेवढा वेळ सिस्टर तिच्याशी कागदी तक्त्यावर बोलली. ही दिवसपाळीची परिचारिका. नऊ ते सहा असते, रविवारी सुट्टी घेते, आणि दिवसभर जे घडेल ते — औषध, पातळ जेवण, बोलणं — एका निळ्या वहीत टिपते. तक्त्यावर ती बोट फिरवते, हव्या त्या अक्षरावर बोट आलं की पत्नी पापण्या मिटते. पद्धत सोपी आहे, पण सिस्टर पहिल्याच अक्षराला शब्द पुरा करते. 'पा' आलं की "पाणी?" 'उ' आलं की "उशी?"

मी हरकत घेतली. "तुम्ही शब्द पुरा करता, तेव्हा तो त्यांचा राहत नाही. तो तुमचा होतो."

"साहेब, मशीनवर बाई नुसती व्यंजनं लिहितात, आणि काना-मात्रा तुम्ही भरता. मग तुम्ही भरता ते काय, आणि मी भरते ते काय?"

लघुलेखनात स्वर गाळतात. तिची ती सवय अजून सुटलेली नाही. आणि तिचं गाळलेलं भरण्याचा मला चाळीस वर्षांचा सराव आहे. हे मी सिस्टरला समजावलं. तक्त्यावरून जे येईल ते पाणी-उशीपुरतं ठीक. त्याखेरीज काही आलं तर ते माझ्यापुढे जबानी म्हणून आणायचं नाही, असंही स्पष्ट बजावलं.

सिस्टरने पत्नीकडे पाहिलं. पत्नीने डोळे मिटले. ते हो होतं की थकवा होता, सांगता येत नाही — आणि माझं म्हणणं नेमकं तेच आहे.

दुपारी मी स्क्रू मोजत होतो तेव्हा दोघींचं बराच वेळ काहीतरी चाललं होतं. चालू दे म्हटलं.

६ फेब्रुवारी

गुणक ३६. व्होल्टेज मूळचंच, १.२०. ताण-चाचणी सकाळी नऊ ते पाच. दर अर्ध्या तासाने तापमान टिपलं. कमाल ५९. चूक एकही नाही.

भाची म्हणते, ३८ पर्यंत निर्धास्त एकदम जा, तिथवर काही होत नाही. नाही. गाळलेली पायरी म्हणजे न तपासलेला साक्षीदार. पुढे कधी घोटाळा झालाच तर तो कुठे शिरला हे कळायला मार्ग उरत नाही.

सिस्टर म्हणाली, "चाचणी रात्री लावा की. दिवसा बाईंना मशीन मिळेल."

ज्या घरात एक माणूस अंथरुणातून उठून दाराशी जाऊ शकत नाही, तिथे तापलेलं यंत्र चालू ठेवून दुसऱ्याने झोपायचं? मी जागा असेन तेव्हाच चाचणी.

७ फेब्रुवारी

गुणक ३७. आठ तास. ६१ अंश. निर्दोष.

८ फेब्रुवारी

गुणक ३८. ६४ अंश. खोली बंद असेल तर दुपारी तापमान दोन अंशांनी चढतं, म्हणून यंत्रामागची खिडकी उघडी ठेवली. बाहेरची हवा गार आहे. आकडा लगेच ६१ वर आला. समाधान वाटलं.

सिस्टरने पत्नीवर दुसरं पांघरूण घातलं. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "मशीनला ताप येतोय का ते अर्ध्या-अर्ध्या तासाला बघता, साहेब. बाईंच्या पायांना हात लावून बघा एकदा."

लावला. गार होते. पायमोजे घातले. खिडकी अर्धी लोटली.

९ फेब्रुवारी, रविवार

चाचणीला विश्रांती. यंत्र तिला दिलं. मी आणि ती, दोघंच.

चाळीस मिनिटं. पडद्यावर आलं: 'खडक बद कर'. खिडकी बंद कर. केली.

मी म्हणालो, "आज नळीचं सांगतेस का? कच्चं सांगितलंस तरी चालेल, पक्कं नंतर घेऊ."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. पडद्याकडे नाही. मग लिहायला लागली. ठिपका आधीपेक्षा बरा नाही — खरं तर आधीपेक्षा वाईट. 'त'वरून 'र'वर जायला त्याला किती वेळ लागला, ते घड्याळ लावून मोजलं: चार सेकंद. त्या चार सेकंदांत तिच्या कपाळावर घाम आला. शेवटी उमटलं 'तरख', आणि तिने डोळे मिटून घेतले.

तारीख. मी हसलो, कितीतरी दिवसांनी. आमच्या लग्नाआधीचं आहे हे. मी सुनावणी पुढे ढकलायला उभा राहिलो की न्यायाधीशांनी मान वर करायच्या आत ती आपल्या वहीत 'तारीख' लिहून मोकळी होत असे. मी विचारलं होतं, तुम्हांला आधीच कसं कळतं? म्हणाली होती, "युक्तिवाद असला की तुम्ही हळू बोलता, वकीलसाहेब. नसला की भरभर."

आता तीच तारीख मागते आहे, असं मी समजलो. दिली. घाई नाही, म्हटलं. आधी यंत्र नीट करतो.

१० फेब्रुवारी

३९. ६६ अंश. डॉक्टरांचा फोन: कळलं का? मी सांगितलं, साधन तयार होतंय. ते म्हणाले, "साधन कसलं? बाईंना विचारा ना, साहेब." डॉक्टर लोकांना निष्कर्षाची घाई असते.

१२ फेब्रुवारी

काल ४०. पाच तास सुरळीत, सहाव्या तासाला एका गणितात चूक दाखवली. यंत्र बंद पडलं नाही, की कुरकुरलं नाही. शांतपणे, आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर दिलं. चाचणीत खरं उत्तर ठाऊक असतं म्हणून पकडलं गेलं; एरवी कोणाला पत्ता लागला असता! भाची म्हणते, बंद पडणारं यंत्र परवडलं, हे सर्वांत धोक्याचं. वकिलीतही असंच. खोटा साक्षीदार परवडतो, कारण तो गडबडतो. प्रामाणिकपणे चुकलेला गडबडत नाही.

व्होल्टेज १.२२५ केलं. आज पुन्हा आठ तास. निर्दोष. ७० अंश.

१३ फेब्रुवारी

४१. ७२.

आत दोघी हसत होत्या, म्हणजे सिस्टर हसत होती आणि मधूनमधून "अगं बाई" म्हणत होती. मी आत गेल्यावर थांबली. निळी वही मिटली. विचारलं, काय चाललंय? "काही नाही साहेब. बाई सांगत होत्या, तुम्ही पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलात तेव्हा त्यांच्या वडिलांशी दीड तास वाद घातलात, आणि मागणी घालायची विसरून परत आलात."

खरं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं होतं.

पण एवढी लांब गोष्ट तक्त्यावरून? तिसऱ्या शब्दानंतर सिस्टरनेच रचली असणार.

१५ फेब्रुवारी

४२. काल दोन तासांत पडदा निळा होऊन यंत्र बंद पडलं. व्होल्टेज १.२५. आज आठ तास पूर्ण. ७५ अंश. खिडकी उघडी, पत्नीला तीन पांघरुणं आणि डोक्याला रुमाल.

१६ फेब्रुवारी, रविवार

यंत्र मूळच्यापेक्षा वीस टक्के वेगवान आहे. याला आता पुरावा आहे, नोंदी आहेत, सही करून देईन.

आणि ठिपका हलत नाही म्हटलं तरी चालेल. तास झाला. दोन अक्षरं. दोन्ही चुकीची.

मी तिला म्हणालो, "आणखी थोडं वाढवू. मर्यादेत अजून जागा आहे."

ती पाहत राहिली. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. डॉक्टरांनी सांगितलंय की पापण्या पुऱ्या मिटत नाहीत, म्हणून डोळे कोरडे पडतात आणि मग पाणी येतं. थेंब घातले.

१८ फेब्रुवारी

४३. यंत्र सुरूच होईना. पडदा काळा. पंखा फिरतो, थांबतो, फिरतो. भाचीने फोनवरून सांगितलं: वीज काढा, आतली नाण्यासारखी बॅटरी काढा, पाच मिनिटं थांबा, परत बसवा. म्हणजे सगळं विसरून ते मूळच्या आकड्यांवर येतं.

बॅटरी चिमटीत धरून पाच मिनिटं बसलो. काही यंत्रांना ही सोय असते.

आलं. पुन्हा ३५.

भाची म्हणाली, "आतोबा, मी खरं सांगू? अक्षरांच्या चौकोनांसाठी एवढा वेग लागतच नाही. मला काहीतरी वेगळंच वाटतंय. तुम्ही बसून पाहिलंत का एकदा?"

मी म्हणालो की मी तो मुद्दा ४ तारखेलाच निकालात काढला आहे.

२० फेब्रुवारी

४२ वर परत आणून, १.२५ व्होल्ट, आठ-आठ तासांच्या सलग दोन चाचण्या घेतल्या. निर्दोष. शिखर ४२.५ असावं; मी अर्धी पायरी खाली थांबलो आहे. याहून सुरक्षित आणि याहून काटेकोरपणे हे काम झालं नसतं.

डॉक्टरांना कळवलं: रविवारी, २३ ला, सकाळी दहाला ती जबानी देईल, सोमवारी त्यांनी येऊन ती पाहावी. ते म्हणाले, "बाईंचा श्वास उथळ झालाय. रविवारपर्यंत थांबू नका." मी म्हणालो, तारीख ठरली आहे.

२२ फेब्रुवारी

सिस्टर निघताना रेंगाळली. "उद्या माझी सुट्टी आहे, साहेब. येऊ का मी तरी?"

"नको. उद्या तिसरं कोणी नसलेलंच बरं. उद्या कोणी म्हणू नये की शब्द कोणी सुचवले."

"साहेब, मला एक सांगायचं होतं."

"तक्त्यावरचं?"

तिचा हात निळ्या वहीवर गेला.

"मग सोमवारी," मी म्हणालो. "त्यांचं झाल्यावर."

तिने पत्नीकडे पाहिलं. पत्नीने पापण्या एकदाच, सावकाश मिटल्या. सिस्टर निळी वही पिशवीत घालून गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

दहा वाजता सगळं तयार होतं. तिचे केस विंचरले. उशी नेमक्या कोनात. खिडकी उघडी. कॅमेऱ्याची काच पुसली. यंत्र ४२ वर, तापमान ४४. मी तिला प्रश्न विचारला नाही, फक्त म्हणालो, "आता तुला जे सांगायचं ते."

ठिपका पडद्याच्या मधोमध होता. तिथेच राहिला. दहा मिनिटं. वीस. मी तिला थांबायला सांगून तापमान तपासलं. प्रोसेसरवरचा भार तपासला: चार टक्के. नोंदी तपासल्या. सगळं बरोबर होतं. सगळं इतकं बरोबर होतं की मी पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं, आणि त्या वेळात तिच्या श्वासाचा आवाज बदलला. तो माझ्या कानांवर पडत होता. मला वाटलं, पंखा आहे.

वळून पाहिलं तेव्हा ओठ निळे होते.

गाडी अकरा मिनिटांत आली. रुग्णालयाच्या दारात डॉक्टरांनी विचारलं, "त्यांनी काही सांगितलं होतं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"ग्राह्य असं काही नाही."

"मग तुम्ही सांगा. आत्ता."

शंका असेल तिथे जे निदान तत्त्वतः मागे घेता येतं ते निवडावं. मृत्यू मागे घेता येत नाही. एवढाच युक्तिवाद होता. मी तो फार भरभर बोललो.

सही केली.

२४ फेब्रुवारी

नळी बसली आहे. छाती वर-खाली होते, एकसारखी. तिची स्वतःची लय अशी नव्हती.

२६ फेब्रुवारी

डॉक्टर: डोळ्यांचे स्नायूही गेले. पापण्यासुद्धा. ऐकू येत असावं, समजतही असावं. "म्हणजे आत त्या आहेत, साहेब. बाहेर यायला दार नाही."

श्वासाचं यंत्र तिच्या संमतीशिवाय बंद करता येईल का, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्यांचं स्पष्ट मत नसताना? नाही. नियम मला पाठ आहे. असले नियम तयार होत असताना मी त्यांच्या बाजूने बोललो आहे.

सिस्टर भेटायला आली. काचेच्या दाराशी उभी राहिली, नळी पाहिली, आणि आत आलीच नाही. मी हाक मारली. तोंडाला पदर लावून जिन्याकडे गेली.

१ मार्च

भाची आली. सहा वर्षांत पहिल्यांदाच इकडे. आत्याजवळ दुपारभर बसली, मग माझ्याबरोबर घरी आली. म्हणाली, "मशीन मूळच्या आकड्यांवर आणून ठेवते. उगाच तापत नको राहायला." गुणक ३५, व्होल्टेज १.२०. मी शेजारी उभा राहून बघत होतो. सतरा दिवसांचं काम, पुसायला दीड मिनिट.

मग ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. कॅमेरा जरा खाली वळवला. वर पाहिलं — ठिपका वर. खाली — खाली. 'क' वरून 'ख' वर, 'ख' वरून 'ज्ञ' वर; डोळा पोचायच्या आत ठिपका पोचलेला.

ती उठली. मी बसलो. जाड चष्मा, कृत्रिम भिंगं, दुसऱ्याच्या डोळ्यांची जुळणी. एखादं घर इकडेतिकडे, पण ठिपका माझ्या नजरेबरोबर धावत होता. ३५ वर. मूळच्या वेगावर.

"आतोबा," ती म्हणाली, "मशीन पहिल्यापासून ठीक होतं."

मागे राहत होते ते तिचे डोळे. जानेवारीअखेरीपासून ते थकत गेले, आणि ठिपका अतिशय प्रामाणिकपणे त्यांचं मागे राहणं दाखवत गेला. मी एका वेळी एकच गोष्ट बदलली. प्रत्येक पायरी आठ तास तपासली. फक्त ज्या एका वाक्यावर सगळा डोलारा उभा होता ते तपासलं नाही. 'ती कधीही कोणाच्या मागे राहिलेली नाही.' असिद्ध उदाहरण. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही याचे गुण मिळत नाहीत.

आणि तिच्या डोळ्यांत जी काही थोडी दुपार उरली होती, ती मी चाचणीला लावली. नऊ ते पाच.

भाचीने पाणी आणून दिलं. मी पडद्यासमोरच बसून होतो. ठिपका माझ्याबरोबर हलत होता, म्हणून शेवटी डोळे मिटले.

२ मार्च, रविवार

सिस्टर घरी आली. निळी वही टेबलावर ठेवली, पान उघडून. ५ फेब्रुवारी, दुपारी सव्वातीन — मी स्क्रू मोजत होतो तेव्हाची वेळ. तक्त्यावरून, अक्षर-अक्षर, काना-मात्रांसकट. समासात सिस्टरचा शेरा: 'एकही शब्द मी पुरा केलेला नाही. दोनदा विचारून घेतलं.'

"नळी नको."

खाली सिस्टरचा प्रश्न: साहेबांना सांगू?

"आत्ता नको. ते तारीख मागताहेत. मिळू दे त्यांना. वेळ आली की वही दाखवा."

वेळ गेल्या रविवारी आली. रविवारी सिस्टर नसते.